डोळ्यांसाठी बाजारातून काय आणायचं, आणि काय बाजारात मिळत नाही

नाशिकला बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तेव्हा डोळ्यांना लागणारं बहुतेक सगळं तिथं गोणपाटावर मांडलेलं असतं. मेथी, शेपू, तांदुळजा, पालक, कोथिंबिरीचे ढीग, मोसमात पिवळ्या दाण्यांची मक्याची कणसं, पेरू, आवळे. तरीही ‘डोळ्यांसाठी काहीतरी द्या’ म्हणून मेडिकलमध्ये उभं राहिलं की हातात पडते ती ल्युटीनच्या, म्हणजे पालेभाजीतल्याच एका रंगद्रव्याच्या, गोळ्यांची महागडी बाटली. ती बाटली कुणाला खरंच लागते, कुणाला जुडीनं भागतं, आणि कोणती एक गोष्ट या अख्ख्या भाजीबाजारात शोधूनही सापडत नाही, हे इथं नीट मांडायचं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चष्म्याचा नंबर खाण्यानं उतरत नाही. नंबर हा डोळ्याच्या गोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई यांच्यावर ठरतो, आणि लांब झालेला डोळा गाजर खाऊन आखूड होत नाही. लहान मुलांना नंबर लागू नये म्हणून घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे रोज दोनेक तास बाहेर, उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणं. मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेलं भिंग, त्याला ऑपरेशनच. काचबिंदूत नस मरत जाते, तिथं थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया. या तिन्ही बाबतींत कुणी चूर्ण किंवा काढा विकत असेल तर पैशांपेक्षा वेळ जातो, आणि काचबिंदूत गेलेला वेळ म्हणजे कायमची गेलेली नजर.

अ जीवनसत्त्व

अन्नाचं सगळ्यात थेट काम इथं आहे. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यातलं ऱ्होडोप्सिन हे रसायन दोन तुकड्यांचं बनतं: ऑप्सिन नावाचं प्रथिन आणि अ जीवनसत्त्वापासून तयार झालेलं रेटिनल. उजेड पडला की रेटिनलचा आकार पालटतो, जोडणी सुटते, मेंदूला खबर जाते. मग पुन्हा जोडणी व्हायला ताजं रेटिनल लागतं. यकृतातला साठा संपत आला की ही पुन्हा जोडणीच रेंगाळते, आणि माणूस दिवेलागणीला अडखळायला लागतो. रातांधळेपणा तो हाच.

लहान मूल ‘मला दिसत नाही’ असं सांगत नाही. ते संध्याकाळ झाली की एका जागी बसून राहतं, ताटातला घास चाचपतं, उंबऱ्याला ठेचकाळतं. पुढची पायरी म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बहुतेक वेळा कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा करडा-पांढरा ठिपका. याला बिटॉट स्पॉट म्हणतात. हा दिसला की घरी आहार सुधारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारण यानंतरची पायरी बुबुळ कोरडं पडून विरघळण्याची असते आणि ती काही दिवसांत, कधी काही तासांत ओलांडली जाते. गोवर झालेल्या मुलात हे फार झपाट्यानं घडतं, कारण गोवर अ जीवनसत्त्वाचा साठा ओरबाडून नेतो. म्हणूनच गोवरात डॉक्टर लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देतात.

हे टाळण्यासाठी भारतात १९७० पासून सरकारी कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट, मग सोळा ते अठरा महिन्यांच्या सुमारास २ लाख युनिट आणि पुढं पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. एकूण नऊ डोस, १७ लाख युनिट. पहिले दोन डोस लसीसोबत आपोआप होतात. गळती होते ती तिसऱ्यापासून, कारण तेव्हा लस नसते आणि सहा महिन्यांचा हिशेब घरात कुणी ठेवत नाही. लसीकरणाच्या कार्डावर अ जीवनसत्त्वाचे रकाने असतात. आज घरी गेल्यावर ते कार्ड काढून बघा. रिकामा रकाना दिसला तर अंगणवाडीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. मात्र आधीचा डोस महिन्याभरात झाला असेल तर तसं सांगा. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, ‘राहिलेले दोन एकदम देऊन टाका’ हे इथं चालत नाही.

मोठ्यांची रोजची गरज आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला १००० मायक्रोग्रॅम, स्त्रीला ८४०, गरोदरपणी ९०० आणि अंगावर पाजताना ९५०. हे दोन वाटांनी मिळतं. एक तयार अ जीवनसत्त्व: दूध, लोणी, तूप, अंड्याचा बलक, कलेजी. दुसरी वाट बीटा कॅरोटीनची: हिरव्या पालेभाज्या, केशरी गाजर, आंबा, पपई. कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व आतड्यात होतं, आणि त्यात बरीच घट येते. अमेरिकी हिशेबात अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनमागं १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व धरतात. १०० ग्रॅम केशरी गाजरात ५ ते ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं, म्हणजे हातात साधारण ४०० ते ६५० मायक्रोग्रॅम पडतात. थंडीत येणारी लालभडक गाजरं हलव्याला उत्तम, पण त्यांचा लाल रंग बराचसा लायकोपीनचा असतो आणि लायकोपीनपासून अ जीवनसत्त्व बनत नाही. डोळ्यांसाठीच घ्यायची असतील तर केशरी घ्या.

खरं तर गाजराला जो मान मिळालाय तो शेवग्याच्या पाल्याला मिळायला हवा होता. कॅरोटीनमध्ये तो गाजराच्या पुढं आहे, मेथी आणि तांदुळजाही मागं नाहीत. शेवगा कित्येक बंगल्यांच्या कुंपणाला आणि मळ्याच्या बांधाला उभा असतो, आपण शेंगा काढतो आणि पाला शेळीला टाकतो.

गरोदर बायकांसाठी एक इशारा. तयार अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. दिवसाला १०,००० युनिटच्या वरच्या गोळ्या या काळात घ्यायच्या नाहीत, आणि बकऱ्याची कलेजीही टाळलेली बरी, कारण १०० ग्रॅम कलेजीत कित्येक दिवसांची गरज भागेल इतकं अ जीवनसत्त्व असतं. भाज्यांतल्या कॅरोटीनचा असा धोका नाही, कारण शरीर गरजेपुरतंच रूपांतर करतं. फार फार तर रोज पेलाभर गाजराचा रस पिणाऱ्याचे तळहात पिवळे पडतात. ती कावीळ नव्हे. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, यात तो पांढराच राहतो.

आणखी एक गल्लत. रात्री न दिसण्याचं कारण दर वेळी अ जीवनसत्त्व नसतं. न लावलेल्या चष्म्यामुळंही रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. आणि रेटिनायटिस पिगमेंटोझा नावाचा आनुवंशिक आजार आहे, त्याची सुरुवातही रातांधळेपणानं होते. आते-मामे भावंडांत लग्नं झालेल्या घरांत तो जास्त आढळतो. घरात दोन-तीन जणांना रात्री दिसत नसेल तर सगळ्यांना गाजर खाऊ घालण्याआधी पडद्याची तपासणी करा.

जुडी घरी आल्यावर

पालेभाजीतला दुसरा ऐवज ल्युटीन आणि झिॲक्झँथिन. पडद्याच्या मधोमध, जिथं आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तो भाग पिवळसर दिसतो. त्याला मॅक्युला म्हणतात आणि तो पिवळेपणा याच दोन रंगद्रव्यांचा. ती निळ्या प्रकाशाचा काही भाग वाटेतच अडवतात आणि उजेडामुळं होणारी झीज कमी करतात. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही, सगळी खाण्यातूनच यावी लागतात. १०० ग्रॅम कच्च्या पालकात १२ मिलिग्रॅमच्या आसपास असतात. पालकाइतकीच कामाची मेथी, कोथिंबीर, शेपू, राजगिरा, अंबाडी. पिवळ्या मक्यात झिॲक्झँथिन भरपूर, पांढऱ्या मक्यात जवळजवळ नाही. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याला भाजून मिळणारं पिवळं कणीस त्यामुळं नुसती चैन नसते. अंड्याच्या बलकात प्रमाण थोडं, पण तिथं ते चरबीत विरघळलेलं असल्यानं अंगी पटकन लागतं.

अंगी लागणं हाच इथला कळीचा मुद्दा. कॅरोटीन काय किंवा ल्युटीन काय, तेलातुपाशिवाय आतड्यातून आत जातच नाहीत. वजन कमी करायचं म्हणून बिनतेलाची उकडलेली पालेभाजी आणि नुसत्या गाजर-काकडीच्या फोडी खाणाऱ्याच्या पोटातून हा ऐवज तसाच निघून जातो. एका जेवणात माणशी ३ ते ५ ग्रॅम तेल किंवा तूप पुरतं, म्हणजे लहान चमचाभर. चौघांच्या भाजीला चार लहान चमचे तेल. त्याहून जास्त तेल ओतून जास्त फायदा होत नाही.

आपल्याकडचा मेथीचा घोळाणा या दृष्टीनं फार शहाणा पदार्थ आहे. कोवळी मेथी बारीक चिरायची, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, लिंबू, वरून तेल किंवा फोडणी. कच्ची पानं म्हणून क जीवनसत्त्व टिकतं, तेल आणि कूट म्हणून कॅरोटीन शोषलं जातं, कुटातून ई जीवनसत्त्वही येतं. मेथी तीन पाण्यांतून धुतलेली मात्र हवी. मोठ्या भांड्यात पाणी घेऊन पानं बुडवा, माती तळाशी बसू द्या आणि पानं वरून उचलून घ्या. भांडं तिरकं करून पाणी ओतलं की माती परत पानांवर बसते.

शिजवायची असेल तर चिरण्याआधी धुवा, चिरल्यावर नाही. शेवग्याचा पाला करताना देठ काढून कोवळी पानं घ्या, मूगडाळ अर्धा तास भिजवा, तेलात लसूण-कांदा परतून डाळ अर्धी शिजली की पाला घाला, आठ-दहा मिनिटं पुरेत. शिजवल्यानं पेशींच्या भिंती फुटतात आणि कॅरोटीन मोकळं होतं, त्यामुळं बेतानं शिजवलेलं गाजर कच्च्यापेक्षा या बाबतीत सरस. कडू पाला उकळून पाणी पिळून टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यात क जीवनसत्त्व आणि फोलेट वाहून जातात. कॅरोटीन आणि ल्युटीन पाण्यात विरघळत नसल्यानं बरंचसं पानातच राहतं. म्हणून कडवटपणा सोसत नसेल तर पाणी टाका, पण सोडा घालू नका. हिरवा रंग टिकावा म्हणून घातलेला चिमूटभर सोडा क आणि ब-१ दोन्ही मारतो.

पाला वाळवून ठेवणारे बहुतेक जण एक चूक करतात: गच्चीवर उन्हात पसरतात. उन्हानं कॅरोटीन उडतं, पाला फिका, गवतासारखा होतो. घरात, सावलीत, पंख्याखाली सुती कापडावर तीन-चार दिवस वाळवा, चुरगळून पूड करा आणि काचेच्या पारदर्शक बरणीऐवजी डब्यात ठेवा. थालीपिठाच्या किंवा नागलीच्या भाकरीच्या पिठात माणशी एक लहान चमचा. जास्त घातली तर उग्र वास येतो आणि मुलं पुन्हा तोंड लावत नाहीत.

पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून रानभाज्या शहरात येतात. टाकळा, कुर्डू, घोळ यांची हिरवी पानं याच कामाची. ओळखीच्या विक्रेत्या बाईकडूनच घ्या आणि कशी निवडायची, काय काढून टाकायचं ते तिलाच विचारा. तिचं ज्ञान कुठल्याही तक्त्यापेक्षा पक्कं असतं.

दोन पथ्यं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक, राजगिरा, चाकवत यांच्यावर भर देऊ नये, त्यांत ऑक्झलेट जास्त असतं. मेथी आणि कोथिंबीर त्यांना बरी. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करायची गरज नाही, पण प्रमाण रोज सारखं ठेवा. एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज वाटीभर, असं केलं की गोळीचं गणित बिघडतं.

आता नाशिकच्या अभिमानाच्या दोन गोष्टींबद्दल सरळ सांगायला हवं. द्राक्षं आणि कांदा डोळ्यांसाठी विशेष काही करत नाहीत. १०० ग्रॅम द्राक्षांत क जीवनसत्त्व ३ मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूत २०० च्या वर. द्राक्षं चवीसाठी खावीत, डोळ्यांसाठी त्याच गाडीवरचा पेरू घ्यावा. मधुमेह असेल तर घडच्या घड संपवणं पडद्याच्या दृष्टीनं तोट्याचंच.

मोड, जस्त आणि थंडी

यकृतात साठलेलं अ जीवनसत्त्व डोळ्यापर्यंत पोचवणारं वाहक प्रथिन बनवायला जस्त लागतं. जस्त कमी पडलं तर साठा असूनही डोळा उपाशी राहू शकतो. रोजची गरज पुरुषाला १७ मिलिग्रॅम, स्त्रीला सुमारे १३. बाजरी, मटकी, हरभरा, तीळ, दाणे यांत जस्त आहे, पण त्याच दाण्यांतलं फायटेट त्याला बांधून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं या तीन क्रियांनी फायटेट तुटतं. म्हणजे मटकीची साधी उसळ आणि मोडाच्या मटकीची मिसळ यांत जस्ताच्या दृष्टीनं फरक आहे. मिसळीतली मटकी आणि पिळलेलं लिंबू डोळ्यांच्या बाजूचे. तर्रीचा तेलाचा थर आणि तीन-तीन पाव नव्हेत.

मटकी आठ ते दहा तास भिजवा, निथळून ओलसर फडक्यात बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा एक आकडी उतरतो तेव्हा दीड-दोन दिवस लागतात, आणि इथंच घाई होते. मोड येत नाहीत म्हणून लोक वरून पाणी शिंपडत राहतात, मटकी चिकट होते, आंबूस वास येतो. तशी मटकी टाकूनच द्यावी. थंडीत फडकं कोमट पाण्यातून पिळून घ्या आणि पुरचुंडी झाकणाच्या कॅसरोलमध्ये ठेवा. मोड दाण्याएवढे झाले की पुरे. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका, पाच मिनिटं वाफवा. ओल्या उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात.

बाकीचं थोडक्यात. क जीवनसत्त्व डोळ्याच्या आतल्या पाण्यात रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. गरज पुरुषाला ८०, स्त्रीला ६५ मिलिग्रॅम, आणि अर्धा पेरू किंवा एखादा आवळा ती भागवतो. लिंबू ताटात पिळा, कढईत नको. ई जीवनसत्त्व दाण्याचं कूट, सूर्यफुलाचं तेल, बदाम यांतून येतं आणि मराठी स्वयंपाकात त्याची सहसा ददात नसते. ब-२ कमी झालं की तोंडाचे कोपरे चिरतात, डोळे चुरचुरतात, उजेड सोसत नाही. ते दुधात असतं आणि पारदर्शक पिशवीतलं दूध उन्हात राहिलं तर नासतं.

ओमेगा-३ बद्दल थोडी सावध भाषा हवी. पडद्याच्या पेशींमध्ये डीएचए नावाचं ओमेगा-३ दाटीनं असतं, हे खरं. ते बांगडा, तारली अशा तेलकट माशांत थेट मिळतं. जवसात असतं त्याचा पूर्वज प्रकार, आणि शरीर त्यातला फार थोडा भाग डीएचएत बदलतं. तरी जवसाची चटणी जरूर खा, पण जवस भाजून कुटलेलाच हवा, अख्खा दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. पंधरवड्याला पुरेल एवढीच कुटा, जास्त दिवसांत खवट होते. कोरड्या डोळ्यांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ वर्षभर घेऊनही, ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला मुद्दाम पापण्या मिटण्याची सवय आणि डोळ्यांवर येणारा पंख्याचा झोत बाजूला करणं जास्त उपयोगी पडेल.

बाजारात न मिळणारी गोष्ट

ती म्हणजे ब-१२. गंगेवरच्या बाजारात कितीही फिरलात तरी एकाही भाजीत, फळात, कडधान्यात भरवशाचं ब-१२ नाही. ते बनवतात जंतू, आणि आपल्यापर्यंत येतं प्राण्यांच्या मार्फत: दूध, दही, अंडी, मासे, मटण. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर ब-१२ लिहिलेलं असतं, पण त्यातला बराच भाग शरीराला न वापरता येणारा असतो. इडलीच्या आंबवण्यातून पुरेसं मिळतं हाही समजच.

घर पूर्ण शाकाहारी असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा, असं मला कळकळीनं वाटतं. कारण यातली नजर जाते ती गुपचूप. ब-१२ नसांवरच्या आवरणासाठी लागतं, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसही त्यातलीच. ती सुकायला लागली की दुखत नाही, लाल होत नाही. दोन्ही डोळ्यांत मिळून मधोमध धूसर होत जातं, आणि रंग फिके पडतात, विशेषतः लाल. कुंकू तपकिरी वाटायला लागतं. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून बघितला जातो, फरक पडत नाही, ‘वय झालं’ म्हणून गप्प बसलं जातं. सोबत पायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल, चढण चढताना धाप अशा खुणा असतील तर संशय पक्का धरा. तंबाखू आणि दारू यांची जोड असेल तर नस आणखी लवकर जाते.

गरज असते दिवसाला जेमतेम २ मायक्रोग्रॅमच्या आसपास. गाईच्या १०० मिली दुधात ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दूध-दही-ताक मिळून अर्धा लिटर रोज पोटात गेलं तर कागदावर भागतं. प्रत्यक्षात घरात चहापुरतं दूध येतं, दिवसातून चार वेळा उकळतं आणि उकळण्यानं त्यातलं ब-१२ घटत जातं. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा ॲसिडिटीची पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारखी गोळी रोज सकाळी घेण्याची सवय असेल, तर खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. या दोन्ही गोळ्या एकाच माणसाला चालू असणं ही तर आता नेहमीची गोष्ट झाली आहे.

रक्ताची साधी तपासणी आहे, ती करून घ्या आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. गोळी की इंजेक्शन, किती दिवस, हे ते ठरवतील. स्वतःहून नुसती फोलिक ॲसिडची गोळी सुरू करू नका. तिनं रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. लवकर पकडलं तर नजर बऱ्यापैकी परत येते. वर्ष-दोन वर्षं गेल्यावर नाही.

शाकाहारी घरासाठी आणखी एक सोपी सोय. दुधाच्या पिशवीवर आणि तेलाच्या पुड्यावर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. नियमाप्रमाणे अशा तेलात ग्रॅममागं ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असतं, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम तेलातून १२० च्या पुढं. लाकडी घाण्याच्या सुट्या तेलात हे नसतं. घाण्याचं तेल खुशाल वापरा, पण मग दूध तरी ‘प्लस एफ’चं घ्या. ब-१२ मात्र यांपैकी कशातच वेगळं घातलेलं नसतं.

बाटली कुणासाठी

ल्युटीनच्या बाटलीमागं खरा अभ्यास आहे, पण तो विशिष्ट रुग्णांचा. वय वाढल्यावर काहींच्या मॅक्युलाखाली पिवळट कण साठतात आणि मॅक्युला झिजत जातो; या आजाराला एएमडी म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या एरेड्स चाचणीत (निकाल २००१) क ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम आणि तांबं २ मिलिग्रॅम हे मिश्रण दिलं गेलं. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यावर होता किंवा ज्यांचा एक डोळा गेला होता, त्यांच्यात पाच वर्षांत आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. ज्यांना आजार नव्हता किंवा अगदी सुरुवात होती, त्यांना फायदा झाला नाही. मोतीबिंदू थांबला नाही. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन १० आणि झिॲक्झँथिन २ मिलिग्रॅम घालण्यात आलं, कारण सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढतो हे आधीच दिसलं होतं. माशाच्या तेलानं जादा फायदा झाला नाही.

म्हणून बाटली घेण्याआधी दोन गोष्टी. पहिली, डॉक्टरांनी पडदा बघून ‘मधला टप्पा’ असं सांगितलंय का? नसेल तर तेच पैसे भाजी आणि अंड्यांवर घाला. दुसरी, बाटलीमागचे आकडे वाचा. ल्युटीन १० आणि झिॲक्झँथिन २ आहे का, जस्तासोबत तांबं आहे का? जास्त जस्त तांब्याचं शोषण अडवतं आणि पंडुरोग होतो, म्हणून ते २ मिलिग्रॅम तिथं असतं. सिगारेट-बिडी ओढत असाल किंवा पूर्वी ओढली असेल तर बीटा कॅरोटीन असलेली बाटली दुकानातच ठेवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ४०० युनिट ई डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

साठी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून एकदा घरीच एक परीक्षा घ्यावी. वाचायचा चष्मा लावून बाथरूमच्या फरश्यांच्या किंवा खिडकीच्या गजांच्या सरळ रेषांकडे एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. रेषा वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा मधला तुकडा गायब वाटला तर आठवडा थांबू नका. मॅक्युलाच्या या आजाराच्या ओल्या प्रकारात, म्हणजे पडद्याखाली पाणी-रक्त पाझरतं त्या प्रकारात, डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते, पण ते लवकर मिळायला हवं.

मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षी आणि मग दर वर्षी पडद्याची तपासणी, दिसत असलं तरी. पडद्यावरचं नुकसान बरंच पुढं जाईपर्यंत नजर सहा-सहा, म्हणजे अगदी चांगली, राहू शकते, आणि त्याला कुठलंही जीवनसत्त्व अडवत नाही; साखर आणि रक्तदाब अडवतात. तपासणीला बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. त्या दिवशी स्कूटर घेऊन जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या, गॉगल न्या. आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ‘त्या तर नुसत्या ताकदीच्या आहेत’ असं वाटणाऱ्या बाटल्यांसकट, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.